खयसर इलात?

या आठवड्याचं पत्र पुण्याहून आलंय. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात देते.

"मावशी, माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. गणपतीत तिला सहा पूर्ण होतील. सासर कुडाळ तालुक्यातलं. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे बारशानंतर त्यांनी नातीला फोनवरच पाहिलंय. आमचा गणपती पाच दिवसांचा. नवऱ्याला हरितालिकेच्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून ऑफिस सुटलं की रात्री आठला निघायचं आणि सकाळी प्रतिष्ठापनेला हजर व्हायचं, असा त्याचा बेत आहे. 'रात्री ती झोपेल, रस्ताही मोकळा मिळेल,' म्हणतो. कारसीटचा विषय काढला तर म्हणाला, 'एका प्रवासासाठी दहा हजार पाण्यात? तू पुढे बस, मांडीवर घे.' मागे नणंद, तिचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मखराचं सामान असणार. सासूबाई म्हणतात, 'आम्ही सव्वा महिन्याचं मूल घेऊन एसटीने आलो होतो, काय झालं?' माझी आई म्हणते, जाऊच नको. एका मैत्रिणीने सांगितलंय की सर्दीचं औषध अर्धा चमचा दे, कुडाळपर्यंत उठायची नाही. मी फार घाबरट आहे का? – एक आई"

जा.

आईला सांग, मावशीने जा म्हटलंय. सहा महिन्यांचं, अंगावर नीट पिणारं, लसी वेळच्या वेळी झालेलं मूल पावणेचारशे किलोमीटर जाऊ शकतं. निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखव. एखादी लस द्यायची असेल तर तीही तेव्हाच उरकून घे, आदल्या दिवशी नको. नाहीतर वाटेत अंग तापलं की ते लशीने की आणखी कशाने, हे कळायला मार्ग नाही. गुडघे धरून बसलेला आजोबा नातीला फोनच्या काचेतून बघतोय, हे तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मी दोनदा वाचलं. तेव्हा जायचं की नाही हा प्रश्न माझ्या लेखी मिटला.

पण जावईबापूंच्या बेताने नाही.

तो बेत जरा घड्याळ घेऊन बघू. ऑफिसला जायचं म्हणून नवरा सकाळी सातला उठणार. दिवसभर काम. आठला गाडी सुरू. त्या संध्याकाळी अर्धं पुणे गावाला निघालेलं असतं, म्हणजे खेड-शिवापूरचा टोल ओलांडेपर्यंतच दहा वाजतील. कोल्हापूर रात्री दीड-दोनला. तिथून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत पहाटेचे साडेतीन-चार. माणूस एकवीस तास जागा, समोर भाद्रपदातला पाऊस, घाटात धुकं, कुठे दरडीची माती रस्त्यावर आलेली, आणि दाजीपूर म्हणजे गव्यांचं अभयारण्य. गवा रात्री रस्त्यात उभा राहिला की हॉर्नला भीक घालत नाही. त्यात पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीर आपण होऊन झोप मागतं ती. त्यावर कितीही चहा प्या.

आणखी एक हिशेब, कारण इंजिनिअर नवऱ्यांना आकडे पटतात. (तू लिहिलं नाहीस, पण 'रस्ता मोकळा मिळेल' या भाषेवरून मी ओळखलं.) सलग सतरा तास जागा असलेला माणूस चाचण्यांमध्ये रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो, हे संशोधकांनी मोजलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याने चालते ती मर्यादा ०.०३ टक्के. म्हणजे जो माणूस दोन घोट घेऊन स्टिअरिंगवर बसला तर तू गाडीत पाय ठेवणार नाहीस, त्याच्याहून वाईट अवस्थेत तो कोऱ्या तोंडाने घाट उतरणार.

आता माझी कहाणी. १९८८ साल. आम्हीही असंच रात्रीचं निघालो होतो, भाड्याच्या जीपने, थोरला आठ महिन्यांचा. मी पुढे, तो मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेला. कराड मागे पडलं आणि माझाही डोळा लागला. जाग आली ती खडखडाटाने. ड्रायव्हर पेंगला होता आणि जीप रस्ता सोडून खडीच्या ढिगात घुसली होती. वेग फार नव्हता. कुणाला खरचटलंही नाही. पण मांडीवर मूल नव्हतं. माझे दोन्ही हात दुपट्याला घट्ट धरून होते आणि दुपटं रिकामं होतं. तो खाली, माझ्या पायांपाशी, चपलांवर पडलेला. रडतही नव्हता, टकामका बघत होता. तो आता चाळिशीला आलाय आणि हा किस्सा हसत हसत सांगतो. मला अजून हसू येत नाही.

म्हणून मांडीबद्दल. आईच्या हाताइतकी पक्की जागा नाही, हे घरात खरं आहे, गाडीत नाही. तुझी मुलगी सात किलोची धरू. गाडी ताशी ५० किलोमीटरवरून एखाद्या धडकेत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर त्या क्षणी ती तुझ्या हातांना शंभर किलोची लागते. एक क्विंटल. ज्वारीचं भरलेलं पोतं पुढे झेपावत असताना तू हातांनी थोपवशील का? त्यातून पुढच्या सीटवर एअरबॅग. ती फुगते तेव्हा तिच्या आणि तुझ्या मध्ये जे असेल त्याला ती ठोसा मारते, आणि मध्ये असेल बाळ. तेव्हा बाळ पुढे नाही. मांडीवरही नाही आणि पुढच्या कारसीटमध्येही नाही.

दहा हजारांचं म्हणशील तर कारसीट एका प्रवासाची नसते. ती आजपासून रोजची आहे, डॉक्टरकडे जाताना, मंडईत जाताना, सगळीकडे. शिवाय चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा कारसीटशिवाय असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे तो कुणी मागत नाही म्हणून आपल्याला ठाऊक नाही, एवढंच. पैशांची खरंच ओढ असेल तर पुण्यात कारसीट भाड्याने मिळते. मैत्रिणीची वापरलेली घेतलीस तर दोन गोष्टी विचार: गाडीला कधी अपघात झाला होता का, आणि सीटच्या खाली छापलेली मुदत संपली आहे का. पहिल्याचं उत्तर 'हो' किंवा 'माहीत नाही' असेल तर घेऊ नकोस.

बसवायची मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. वर्षाच्या आतलं मूल असंच बसतं. त्याचं डोकं जड आणि मान नाजूक, धडक बसली तर पाठ टेकलेली असली पाहिजे. नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत हात घातलास तर दोन लोखंडी कड्या लागतील. त्याला आयसोफिक्स म्हणतात, सीट त्यात खटकन बसते. नसेल तर गाडीच्याच पट्ट्याने बांधायची. बसवून झाली की खालच्या बाजूला धरून हलवून बघ, दोन-अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. बाळाचे पट्टे इतके घट्ट की खांद्यावर चिमटीत पकडायला गेलीस तर चिमटीत येऊ नयेत. आणि पट्ट्याखाली दुपटं नाही, जाड स्वेटर नाही, कुंची नाही. आधी पट्टा, मग वरून पांघरूण. थंडी वाजेल म्हणून गुंडाळून मग पट्टा लावला की तो कापसावर आवळला जातो, मुलीवर नाही. माझं रिकामं दुपटं आठव.

एक अडचण आत्ताच सांगते, नाहीतर वाटेत मला शिव्या घालशील: ज्या मुलीला सहा महिने मांडीची सवय आहे ती कारसीटमध्ये पहिल्या दिवशी भोकाड पसरणार. तेव्हा सीट आदल्या दिवशी आणू नका. पंधरा दिवस आधी आणा. घरात जमिनीवर ठेवून दहा मिनिटं बसव, खुळखुळा दे. मग गाडीत, आधी सोसायटीला एक चक्कर, मग सिंहगड रोडपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती तिची जागा होते.

आता मुख्य गोष्ट. रात्र टाळायची तर वेळ कुठून आणायची?

जावईबापूंनी हरितालिकेला अर्ध्या दिवसाची रजा मागावी. पूर्ण दिवस मिळत नाही म्हणून रात्र, असा त्यांनी परस्पर निकाल लावलाय. मधलं अर्धं त्यांनी मागूनच बघितलेलं दिसत नाही. दोनला निघालात तर खंबाटकी उजेडात चढाल. घाट संपला की सुरूरच्या आसपास पहिला थांबा, कराडला दुसरा, आणि आठ-साडेआठपर्यंत कोल्हापूर. सातारा ते कागल रस्ता रुंद करायची कामं वर्षानुवर्षं चालली आहेत, त्या वळसा-वळशांचा तास धरूनच सांगतेय. कोल्हापुरात मुक्काम. खोली आजच सांगून ठेवा, त्या दिवसांत ऐनवेळी मिळत नाही. सकाळी सहाला निघालात की राहिलेले सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि दिवसाउजेडी फोंडा घाट. दहा-साडेदहाला कणकवली सोडून कुडाळच्या अलीकडे असाल. पार्थिव गणपतीची पूजा मध्यान्हीची. गुरुजी तुमच्याआधी येतीलच असं नाही, त्या दिवशी एका गुरुजींच्या वाट्याला किती घरं असतात ते तुझ्या सासऱ्यांना विचार.

अर्धी रजाही नाही मिळाली तर रात्री घरी झोपा आणि चतुर्थीला पहाटे पाचला निघा. मुलगी पाळण्यातून उचलून सीटमध्ये जाईल. थांबत थांबत चार वाजेपर्यंत पोचाल. प्रतिष्ठापना चुकेल, खरं आहे. पण गणपती पाच दिवसांचा आहे. सकाळ-संध्याकाळ आरती म्हणजे आठ-दहा आरत्या उरतात, आणि तुझी मुलगी त्यातल्या पहिलीच्या वेळी नवव्या मिनिटाला झोपणार आहे.

आंबोलीमार्गे जावं का असं नणंद म्हणेल, कारण तिला धबधब्यापाशी लेकाचे फोटो हवे असतील. नको. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या जागांपैकी एक ती, तिथे त्या आठवड्यात गाड्यांची रांग लागते. रांगेतल्या गाडीत तान्हं मूल म्हणजे काय ते एकदा अनुभवलं की धबधबा गोड लागत नाही. निघायच्या दिवशी सकाळी मात्र फोंडा घाट चालू आहे का, हे सासऱ्यांना फोन करून विचारा. तिथल्या माणसाला नकाशाच्या आधी कळतं.

आणि हा फोन नवऱ्याने करायचा, तू नाही. मला या सगळ्या पत्रात खरं दुखणं दिसतंय ते इथे. 'सकाळी पोचतो' असं त्याने वडिलांना सांगून टाकलंय ना? मग आता तो रस्ता चालवत नाही, ते वचन चालवतोय. कोकणातल्या म्हाताऱ्यांचं मला माहीत आहे, माझे सासरे मालवणचे. आपण खंबाटकीत असतो आणि ते खळ्यात येऊन बसतात. दर तासाला फोन. "खयसर इलात?" आपण कराड म्हटलं की ते मनातल्या मनात कोल्हापूर काढतात, आणि पुढच्या फोनला आपण अजून पेठनाक्याला असलो की त्यांचा आवाज उतरतो. तो उतरलेला आवाज ऐकून मुलगा पाय दाबतो. मी हे माझ्या नवऱ्याच्या पायात पाहिलंय. म्हणून पोचायची वेळ कुणालाही सांगायची नाही. "नैवेद्याच्या आधी नाहीतर नंतर, पण उजेडी येतो" एवढंच. फोन नणंदेच्या हातात द्या, तिला वडिलांशी बोलायला आवडेल. तुझ्या सासऱ्यांना एकदा स्पष्ट सांगितलं की रात्रीचा घाट नको म्हणून उशीर होईल, तर ते काय म्हणतील ते मी इथून सांगते: "सावकाश येवा, घाई नाय." त्यांनी त्या घाटात काय काय पडलेलं पाहिलंय, ते आपल्याला माहीत नाही.

सासूबाईंच्या एसटीबद्दल. त्यांना खोडून काढू नकोस, कारण त्या खोटं बोलत नाहीत. मीही लाल डब्याने गेलेय. पण ती एसटी मोठी होती, चाळीसच्या वर फार जात नव्हती आणि तिचा ड्रायव्हर दिवसभर ऑफिसात बसून आलेला नव्हता. शिवाय गाडीत दहा बायका होत्या. मूल रडलं की कुणी तरी आपणहून हात पुढे करायची, कुणी तरी पदराचा आडोसा धरायची. तुला ते नाही. तुला एक नणंद आहे. तिला कामाला लाव. "त्या काळी तुम्ही वाटेत पाजायच्या कुठे?" असं सासूबाईंना विचार, एवढ्या एका प्रश्नावर त्या तासभर बोलतील आणि कारसीटचा विषय विसरतील.

पाजण्याचं आलंच म्हणून. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, उन्हाळा असला तरी नाही. म्हणजे बाळाचं स्वयंपाकघर तुझ्याबरोबरच प्रवास करतंय. बाटल्या, पावडर, गरम पाण्याचा थर्मास, कशाचीच गरज नाही. पण ते स्वयंपाकघर पाण्यावर चालतं. आणि आपण बायका प्रवासात काय करतो? पाणी पीत नाही. पुढचं स्वच्छतागृह कसं असेल या भीतीने सकाळी एक कप चहा घेऊन सरळ संध्याकाळ गाठतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला हे परवडत नाही, डोकं दुखतं, गळून जातं, दूधही कमी वाटायला लागतं. तेव्हा थांबे मिसळ कुठे चांगली त्यावरून ठरवू नका, संडास कुठे स्वच्छ त्यावरून ठरवा. मोठ्या पेट्रोल पंपांवर पाणी, हवा आणि स्वच्छतागृह विनामूल्य असतं. किल्ली काउंटरवर असली तर मागायला लाजू नकोस. मोठ्या एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, बाळाला पाजायला आडोसा म्हणून. कुलूप असेल तर नियंत्रकांच्या खिडकीवर जाऊन उघडून घे. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव त्या खोलीला आहे. तुला तर कुलूपच उघडायला सांगायचंय.

दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवायची, मूल झोपलेलं असलं तरी. हे तुझ्या नवऱ्याला सगळ्यात जड जाईल. "झोपलीये ना, आता मार पल्ला!" असं त्याला वाटेल. पण कारसीटमध्ये अर्धवट बसल्या स्थितीत तान्ह्या मुलाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून सलग दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. बाहेर काढ, सपाट निजव, पाज, ढेकर काढ, लंगोट बदल, पाय हवेत मारू दे. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चालत्या गाडीत पट्टे काढून पाजायचं नाही. घाटात तर मुळीच नाही. रडली तर रडू दे, गाडी बाजूला घेता येईपर्यंत. हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. घाटात शिरण्याआधी राधानगरीला पोटभर पाजून घे म्हणजे ती वेळ येणार नाही.

सर्दीचं औषध देऊन झोपवायचं? नाही. त्या मैत्रिणीला माझ्या वतीने सांग, नाही म्हणजे नाही. ती औषधं चार वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीतच, श्वास मंदावू शकतो, आणि काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी रात्रभर थयथयाट करतात. मधाचं बोटही नको, पहिला वाढदिवस होईपर्यंत. हे तिकडे गेल्यावर कुणीतरी हौसेने करेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

गाडी लागण्याची चिंता बाळाची करू नकोस. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही. चिंता कर ती नऊ वर्षांच्या भाच्याची. ते वय अगदी त्यातलंच, आणि तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसणार. त्याच्या आईला सांग, घाटात मोबाइल बंद, नजर समोरच्या काचेतून बाहेर, पोटात तेलकट काही नाही, आणि दोन जाड पिशव्या त्याच्या हाताशी. बसायचं असं: नणंद पुढे, बाळ मागे, भाचा मागे दुसऱ्या खिडकीशी, मध्ये तू. तिघांनाही पट्टे. मग मखर कुठे? मखर नाही. गावात माटवी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची लाकडी चौकट, सजवायला रानातलं सगळं मिळतं आणि तुझ्या सासऱ्यांना थर्माकोल आवडत असेल असं मला वाटत नाही. फारच हौस असेल तर आठवडाभर आधी पार्सलने पाठवा.

टोलचं एक सांगायचं राहिलं. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं, आरटीओत किंवा वाहतूक पोलिसांकडे मिळतात. चार टोलचे पैसे वाचतील, कारसीटच्या भाड्यात जमा कर. आणि घाटात डायपर फेकू नका. दरवर्षी फेकलेले दिसतात, माकडं ते उचकटतात. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीत घाला, कणकवलीत कचराकुंडीत टाका.

घरी पोचलात की दुसरी फेरी सुरू. ओवाळणं, भाकरतुकडा, मीठ-मोहऱ्या, सगळं होऊ दे. त्याने कुणाचं काही जात नाही. पण मग मूल हातोहात फिरतं. चाकरमानी सगळे आलेले, कुणाला सर्दी, कुणी मुंबईहून रात्रभर ट्रेनने उभ्याने आलेलं. दारातच साबण आणि तांब्या ठेव. "पाय धुवून घ्या" ही कोकणातली पद्धतच आहे, त्यात "हातही" एवढं जोडायचं. मुके घ्यायला आलेल्यांना तू नाही म्हणू नकोस, सासूबाईंकडून म्हणवून घे. त्यांच्या तोंडून निघालं की तो नियम होतो, तुझ्या तोंडून निघालं की पुणेरीपणा.

रात्री भजन. पखवाज, टाळ, मग काळ्या वाटाण्याची उसळ, मग आणखी भजन. मुलीला मागच्या खोलीत, मच्छरदाणीत, सपाट गादीवर उताणं निजव, आजूबाजूला उशा-लोड नको. खोलीत कॉइल लावू नका. लाईट जातील, हातपंखा ठेव.

उष्टावण गणपतीपुढे करायचं सासूबाईंच्या मनात असणारच. सहा महिने पूर्ण होताहेत, छान आहे, करू दे. फक्त पोचलेल्या दिवशी नको. प्रवासाने पोट बिघडलं की नव्या घासाने, हा घोळ नको. तिसऱ्या दिवशी कर, तोवर ती घराला सरावलेली असेल. तुझा भाऊ तोपर्यंत पोचू शकत असेल तर मामाच्या हातून खीर होईल. साखर-मीठ मोठ्यांच्या चवीपुरतं वेगळं काढा, तिच्या बोटभर घासात काहीच नको.

ती पीत नसेल, एकदम मलूल वाटली, धाप लागल्यासारखा श्वास घेत असेल किंवा सहा-आठ तास लंगोट कोरडा असेल, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून वाट बघायची नाही. कुडाळमधल्या मुलांच्या डॉक्टरांचा नंबर आजच सासऱ्यांकडून घेऊन ठेव. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, तिथून लांब नाही. रस्त्यात काही झालं तर रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३.

तू विचारलंस, मी घाबरट आहे का. पत्रात तुझी भीती दोनच गोष्टींची होती, रात्रीची आणि मांडीची. त्या दोन्ही बाबतीत तुझं बरोबर निघालं. बाकी सगळ्याला तू घाबरली नाहीस, म्हणून मलाच इतकं लिहावं लागलं.

परतीचं एक. निघताना सासरे गाडी भरतील. नारळ, कोकमं, तांदळाचं पोतं, पडवळ, भोपळा. डिकी भरली की "हयसर दोन रवतत" म्हणून चार नारळ मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवतील, नेमके बाळाच्या सीटच्या वर. त्यांना 'नको' म्हणायचं नाही. गाडी वळणाच्या पुढे गेली, त्यांचा हात दिसेनासा झाला, की थांबायचं, आणि ते चार नारळ उतरवून पुढच्या सीटवर नणंदेच्या पायाशी ठेवायचे.